दुमजली इमान

मामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी आधी कागद-पेन घेतलं. कुणाला कळवायचं, कुणासाठी थांबायचं, त्यांच्या नागापूरच्या खोलीची किल्ली कुणाकडे… मला असंच सुचतं. सगळ्यात वर काष्टीच्या हौसाबाईंचं नाव लिहिलं. मुलीनं विचारलं, "या कोण? नात्यातल्या तर नाहीत." नात्यातल्या नाहीतच. पण मामांचं विमान पडलं ते यांच्या वस्तीवर.

मामा पारनेरचे. सैन्यातून आल्यावर ते पिकांवर औषध फवारणारं विमान चालवत. एकावर एक अशा पंखांच्या दोन जोड्या, म्हणून आमच्याकडे त्याला 'दुमजली इमान' म्हणायचे. माझ्याहून वयानं मोठं होतं ते. परदेशातून आलं, आधी कापसावर फिरलं, मग कुठेकुठे भातावर, आणि पंखांच्या कापडाला ठिगळं लागल्यावर आमच्या उसावर, पाकोळी नावाची कीड मारायला. उड्डाणाआधी मामा एकेका ठिगळावरून हात फिरवत, बाजारात बैलाच्या पाठीवरून फिरवतात तसा. "म्हातारीला गुदगुल्या होतात का बघतो," म्हणायचे. मी तेव्हा साखर कारखान्याच्या शेतकी खात्यात होते. कुठल्या दिवशी कुणाचं शेत, आणि बांधावर पांढरं निशाण धरून कोण उभं राहणार, हे ठरवणं माझं काम. निशाणाच्या रोखानं विमान खाली यायचं, उसाच्या शेंड्यांना जवळजवळ टेकायचं.

पाडव्याच्या आदल्या दिवशी आम्ही हौसाबाईंच्या वस्तीवर चहाला थांबलो. त्या म्हणाल्या, "कॅप्टनसाहेब, वरनं आमचं खोपाट दिसतंय का वो?" मामा म्हणाले, "न्हाई दिसत मावशी. कायतरी खूण करा, म्हंजी वरनं रामराम घालीन." नुसती चेष्टा होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक गडी आला नाही, म्हणून मीच निशाण घेऊन उभी होते. इंजिनाचा आवाज आला, विमान वळलं आणि… माझ्याकडे येईना. शेजारच्या शेताकडे निघालं. तिथे हौसाबाईंनी गुढी उभारली होती. दारात नव्हे, थेट बांधावर, उंच वेळूवर, कॅप्टनला दिसावी म्हणून. घरात कोरं लुगडं नव्हतं, म्हणून नवऱ्याचं पांढरं धोतर बांधलेलं. आणि तिच्या पलीकडे विहिरीच्या मोटारीच्या तारा. मी निशाण हलवत पळत सुटले, ओरडले. त्या घरघरीत माझं मलाच ऐकू येईना. तारा दिसल्या तसं मामांनी विमान वर ओढलं. खालच्या पंखानं वेळू मोडला, चाकं तारांत अडकली, आणि दुमजली इमान ऊस मोडत आडवं झालं.

उसात पेट्रोलचा आणि औषधाचा वास. धावत आलेल्या एकाच्या तोंडात बिडी. "बिडी इझव, मुडद्या!" हौसाबाई ओरडल्या आणि पहार आणायला धावल्या. मामा पट्ट्यात लोंबकळत होते, एक पाय दबलेला. मी पट्टा सोडवायला लागले, तर हळू आवाजात म्हणाले, "आधी तांब्या काढ." मला वाटलं, डोक्याला मार बसला. मग दिसलं… गुढीवरचा पितळी तांब्या दोन पंखांमधल्या तारेत अडकला होता, चेपलेला. "चौकशीवाल्यांना तो दिसता कामा नये. पाडव्याच्या दिवशी हिच्या गुढीनं विमान पाडलं म्हणतील. गाव जगू देणार नाही तिला. खूण मी मागितली होती, सुमे." मी तांब्या पिशवीत घातला; पुढे मामांनी तो मागून घेऊन स्वतःकडे ठेवला. गुढी विमानाच्या वाऱ्यानं पडली, असंच लोकांना वाटलं.

चौकशीत मामांनी एकच वाक्य धरून ठेवलं: "निशाण ओळखण्यात माझी चूक झाली." बोलताना डोळे माझ्यावर, मी तोंड उघडीन याची धास्ती. मी उघडलं नाही. लायसन गेलं, विमान भंगारात गेलं. मामा नागापूरच्या एका वर्कशॉपमध्ये लागले, लंगडत जायचे, लंगडत यायचे. आकाशात आवाज आला तरी वर बघत नसत. हौसाबाईंना कधी कळू द्यायचं नाही, एवढी एकच शपथ त्यांनी मला घातली होती.

दहाव्यानंतर मी त्यांची खोली आवरली. कपडे, भांडी, हत्यारं, सगळं यादीप्रमाणे बांधून ठेवलं. तांब्या कुठल्याच यादीत लिहायचा नव्हता, म्हणून तोच फळीवर राहिला. आणि हौसाबाई नातवाच्या मोटारसायकलवरून येऊन दारात उभ्या. मी फळीपुढे सरकेपर्यंत त्यांनी तो हातात घेतलाही होता. फिरवला. चेपलेल्या जागी अंगठा ठेवला.

"वाऱ्यानं पडून तांब्या आसा चेपत न्हाई," त्या म्हणाल्या. "मला तवाच कळ्ळं हुतं, बाई, उसात हुडकून बी तांब्या घावला न्हाई तवा. पर त्यो बोलला न्हाई, मंग म्या तरी कशाला बोलू? दर पाडव्याला यायचा. लिंबाचा पाला न गूळ खायचो दोगं… गप."

"घेऊन जा," मी म्हटलं. "तुमचाच आहे."

त्यांनी मान हलवली. "ऱ्हाऊ दे हितंच. त्यानं इमान पाडलं न्हाई, एवढं लिव तुज्या कागदावर."

मग पदरानं तांब्या पुसला आणि फळीवर पालथा ठेवला, गुढीवर ठेवतात तसा.