कारवीचे चार बहर

लग्न झालं आणि मी मालाडहून बोरिवली पूर्वेला राहायला आले. आमच्या इमारतीच्या मागे कुंपणाची भिंत होती, आणि भिंतीपलीकडे थेट नॅशनल पार्कचं जंगल. बाबा पहिल्यांदा घर बघायला आले, तेव्हा स्वयंपाकघराच्या खिडकीतून बाहेर बघत म्हणाले, "रानच बघूचा होता तर गावाक काय वाईट होता?" त्यांची गिरणी बंद पडून बरीच वर्षं झाली होती, पण मुंबईवरचा राग काही गेला नव्हता.

मी तेव्हा मरोळला एका कारखान्यात विजेची बटणं तपासायची. बटण दाबायचं, आवाज ऐकायचा, खराब असेल तर बाजूला काढायचं. दिवसभर तेच. नुसत्या आवाजावरून मी खराब बटण ओळखायचे आणि त्याचा मला अभिमान होता. संध्याकाळी घरी आल्यावर कविता लिहायचे. एका दिवाळी अंकात माझी बिबट्यावरची कविता छापून आली. त्यात बिबट्याच्या डरकाळीने अख्खी दरी हादरत होती. मी तो अंक महिनाभर पर्समध्ये घालून फिरले.

पावसाळ्यात आमच्या गेटपाशी जंगलातल्या पाड्यावरची एक बाई रानभाज्या विकायला बसायची. वयाने माझ्याएवढीच. शेवळं घेता घेता आमची ओळख झाली. एके दिवशी मी तिला ती कविता वाचून दाखवली. ती ऐकत राहिली, मग पदर तोंडाला लावून हसायला लागली.

"बाई, वाघ असा नाय वरडत." बिबट्याला पाड्यावर सगळे वाघच म्हणतात.

"मग कसा?"

"लाकूड कापताना करवत चालते ना, खर्र खर्र, तसा. तू ऐकलास कवा?"

"नाही."

"मग लिवलास कशाला?"

मला भयंकर राग आला. भाजी न घेताच मी वर आले. पण रागाच्या खाली लाजही होती. कारखान्यात एक बटण न ऐकता पुढे सरकवलं नसतं मी, आणि इथे अख्खा बिबट्या न ऐकता छापून मोकळी झाले होते. त्या आठवड्यात मी जंगलावरच्या सगळ्या कविता काढून बसले. जे स्वतः पाहिलं नाही, ऐकलं नाही, ते फाडत गेले. चाळीसेक कवितांतल्या तीन उरल्या. त्यातली एक तर भिंतीवरच्या शेवाळाची होती.

दुसऱ्या रविवारी सकाळी मी गेटपाशी गेले आणि तिला म्हटलं, "मला घेऊन चल तुझ्याबरोबर."

"भाजी इकून होऊ दे," ती म्हणाली.

तिथून माझी खरी शिकवणी सुरू झाली. ती चालायची, मी मागून. ती फार बोलायची नाही. मी एखाद्या झाडाला सुंदर म्हटलं की विचारायची, "त्याचा काय करतात, म्हाईत हाय?" कारवी मला तिनेच दाखवली. डोंगरउतारावर माणसाच्या उंचीची, काटकुळी झुडपं. सात-आठ वर्षांनी एकदाच फुलतात आणि मरतात. तिच्या घराच्या भिंती कारवीच्याच काठ्यांच्या होत्या, वरून शेणमातीने लिंपलेल्या.

पहिला बहर मी तिच्याबरोबर पाहिला, तेव्हा छत्तीस वर्षांची होते. अख्खा डोंगर जांभळा झाला होता आणि मधमाश्यांचा आवाज एखाद्या चालू मशीनसारखा सगळीकडून येत होता. घरी येऊन मी चार पानं लिहिली आणि ठरवलं, ही एकच दीर्घ कविता असणार, प्रत्येक बहराचा एक भाग. किती भाग, ते कारवी ठरवेल.

नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे पुढचा भाग आठ वर्षांनी? झकास. घाई नाही ना तुला?"

दुसरा बहर आला तेव्हा बाबा हॉस्पिटलमध्ये होते. मी दोन महिने त्यांच्या उशाशी बसून काढले. बाबा गेले. दिवसपाणी आटोपून मी खिडकीशी आले, तोवर डोंगर तपकिरी झाला होता. पाड्यावरची मैत्रीण दारात आली. तिने काळसर मधाची एक बाटली हातात ठेवली. "कारवीचा हाय. तुला बघायला गावला नाय म्हणून." दुसऱ्या भागात फूल नाहीच. बाबांचा हात आहे, आणि त्या मधाची कडवट चव.

हे दोन भाग मी एका मासिकाच्या संपादकांकडे पाठवले. त्यांचं पत्र आलं, "ही झुडपाची हकिकत झाली. कविता कुठे आहे? तुम्ही शहरात राहता, शहरावर लिहा." पत्र वाचून मी रडले. तिसऱ्या दिवशी नवरा म्हणाला, "तू त्यांच्यासाठी लिहितेयस की कारवीसाठी, ते एकदा ठरव गं." मी ठरवलं, आणि पुढची कित्येक वर्षं कुठेच काही पाठवलं नाही.

तिसऱ्या बहरात मी फुलांवर थांबले नाही. झुडपं वाळताना पाहिली. पुढच्या उन्हाळ्याच्या शेवटी, दमट हवेत, आम्ही दोघी उतारावर बसलो आणि वाळलेली बोंडं तडतडत फुटायला लागली. बी उडून माझ्या केसांत पडलं. मेलेल्या झुडपांचा तो आवाज ऐकून मी मोठ्याने हसले.

चौथा बहर माझ्या साठीत आला. नोकरी संपली होती आणि उजवा गुडघा कामातून गेला होता. डॉक्टरांनी चढायला साफ मनाई केली. मैत्रीण दारात उभी. "चल. उतरायचा कसा, ते नंतर बघू." तिने पुढून हात धरला, नवऱ्याने मागून आधार दिला, आणि तासाभराच्या वाटेला आम्हाला चार तास लागले. वर पोचलो तेव्हा मी घामाने आणि फुलांच्या चिकट रसाने माखले होते. तिथेच दगडावर बसून मी शेवटच्या ओळी लिहिल्या. त्यांतला एकही शब्द नंतर बदलावा लागला नाही. माझ्या आयुष्यात असं फक्त तेव्हाच झालं.

पुस्तक निघालं. चौथ्या दिवशी फोन आला. पलीकडून थकलेला आवाज म्हणाला, "मी तुमची कविता परत पाठवली होती, आठवतं? रात्री दोनदा वाचली आता. मी चुकलो होतो, बाई." ते संपादक नव्वदीला टेकले होते. मी त्यांना चहाला बोलावलं. ते आले, खिडकीपाशी बसले आणि निघेपर्यंत डोंगराकडे बघत राहिले.

प्रकाशन इथल्याच एका शाळेच्या हॉलमध्ये ठेवलं होतं. मला वाटलं, तीस-चाळीस माणसं येतील. खुर्च्या संपल्या. मरोळच्या माझ्या जुन्या मैत्रिणी एकसारखा गजरा माळून आल्या, पाड्यावरून दोन टेम्पो भरून माणसं आली. मैत्रिणीच्या हस्तेच प्रकाशन झालं. कुणीतरी तिला माईक दिला. ती म्हणाली, "हिने पंचवीस वर्सं माझ्या मागून चालून लिवलाय. आता आमी खाली बसतो. तू बोल."

मी चौथा भाग वाचला. वाचून संपलं आणि टाळ्या सुरू झाल्या, त्या थांबेचनात, आणि त्या गदारोळात मागच्या रांगेतून माझा नवरा, जो सार्वजनिक ठिकाणी कधी मोठ्याने बोलत नाही, उभा राहून ओरडला, "पहिल्यापासून वाच गं! सगळे भाग!"

मी पाण्याचा घोट घेतला, पहिलं पान उघडलं आणि चारही बहर वाचले. एकही माणूस उठला नाही.