झाकलेला नैवेद्य

देवीविषयी काही लिहावं एवढा माझा अधिकार नाही. पण गेल्या वर्षी नवरात्राच्या तोंडावर जे घडलं ते मनातच ठेवलं तर कृतघ्नपणा होईल, म्हणून लिहिते आहे. देवी आहे की नाही अशी शंका मला कधी नव्हती. शंका एवढीच होती, की माझ्यासारखीकडे ती बघत असेल का.

मी बोळिंजला राहते आणि माणिकपूरच्या एका कार्यालयात नोकरी करते. माहेर शेतकऱ्याचं. घराण्यात पदवी घेतलेली मी पहिली, आणि त्यासाठी आईवडिलांनी काय काय सोसलं हे मी विसरू शकत नाही. म्हणूनच असेल, माझ्या आजाराची मला फार लाज वाटायची. तेव्हा त्याला आजार म्हणतात हेही माहीत नव्हतं. मी त्याला हावरटपणा म्हणायचे. घरात कोणी नसलं की खायला बसायचे आणि मग थांबताच यायचं नाही. भूक नसायची, चवही कळायची नाही. पाव, शेव, उरलेला भात, डब्यातले शेंगदाणे, हाताला लागेल ते. पोट दुखू लागलं तरी हात चालूच. मग रिकाम्या पिशव्या कचऱ्याच्या तळाशी दडपायच्या, डबे पुसून होते तसे लावायचे, आणि दुसऱ्या दिवशी उपास धरायचा.

उपासाचं कारण आपल्याकडे कोणी विचारत नाही. सोमवार, गुरुवार, शनिवार, चतुर्थी, एकादशी असं करत करत आठवड्यात जेवणाचे दिवसच थोडे उरले. सासूबाईंना सुनेचं केवढं कौतुक! शेजारच्या काकूंना सांगायच्या, "आमच्या सूनबाईपुढे देवसुद्धा दमतील हो!" काकू म्हणायच्या, "मग ही वाळत कशी नाही?" दोघी हसायच्या. मीही हसायचे. आणि घर रिकामं झालं की पुन्हा तेच. उपासाने पोट इतकं वखवखलेलं असायचं की पुढचं खाणं आणखी आंधळं व्हायचं. एकातून दुसरं निघतंय हे मला दिसत नव्हतं. मला वाटायचं, माझा उपासच कमी पडतोय. चक्कर येऊ लागली होती, एकदा जिन्यात कठडा धरून खाली बसले. तरीही मी ठरवलं, यंदाचं नवरात्र नुसत्या पाण्यावर काढायचं. देवी हावरटपणा तरी नेईल, नाहीतर मला तरी.

हातावर पाणी घेऊन तसा संकल्प करायला मी गावदेवीला गेले. आमच्या इमारतींच्या मागे जुन्या गावातलं हे लहानसं देऊळ. दुपारची वेळ, आत कोणी नव्हतं. देवीसमोर बसले, तांब्यातलं पाणी पळीने तळहातावर घेतलं, डोळे मिटले. तेवढ्यात मागून हाक आली.

"बाय, थांब जरा. तेवढं पानी माज्या नैवेद्याला फिरव ना."

गावातलीच एक वयस्क बाई होती. उजवा हात प्लास्टरमध्ये, डाव्या हातावर ताट. "घरात पोरांना वेल नाय आनि हा हात असा. डाव्या हातानं कसं फिरवू?" असं म्हणत तिने ताट देवीपुढे ठेवलं. वर दुसरं ताट पालथं घातलेलं. नाही कसं म्हणणार? हातातलं पाणी मी तिच्या नैवेद्याभोवती फिरवलं, हात जोडले, आणि उठू लागले, तर ती खदखदा हसत होती.

"अगो, झाकन तर काढ! झाकलेलं देवीला कसं दिसनार? आपुन याला नैवेद्य दाखवनं म्हनतो ना?"

लहानपणापासून मी नैवेद्य दाखवत आले. आईने शिकवलेलं, झोपेतसुद्धा चुकलं नसतं. पण त्या दिवसांत माझ्या हातांना अन्न झाकणं तेवढंच ठाऊक होतं. मी वरचं ताट उचललं. भात, वालाचं बिरडं, भोपळ्याची भाजी, तांदळाची खीर. वाफ आली आणि मला रडू फुटलं. 'दाखवणं' हा शब्द मी आयुष्यभर बोलत होते, पण तो असा कधी ऐकला नव्हता. जे जे मी खाल्लं होतं ते कोणाला, कधीच, दाखवलं नव्हतं.

ती माझ्या शेजारी बसली. डावा हात माझ्या पाठीवर ठेवला. आणि नवऱ्यालाही जे सांगितलं नव्हतं ते मी त्या अनोळखी बाईला सगळं सांगून टाकलं. पिशव्या, डबे, उपास, आणि हातावर घेतलेल्या पाण्याचा संकल्पसुद्धा.

ती म्हणाली, "हावरट मानूस देवीपुडं रडायला येत नाय. दाक्तरला दाखवलंस?"

"असलं डॉक्टरला काय दाखवायचं?"

"आता मला दाखवलंस ना? तसंच."

तिने ताटातला भात-बिरडं पानावर काढून माझ्यापुढे सरकवलं. माझ्या तोंडून सवयीने निघालं, "उपास आहे." ती म्हणाली, "तुज्या उपासाला मी कोन बोलनारी? पन परसादाला नाय नको म्हनू." मी खाल्लं. कोणाच्या तरी समोर, सावकाश. चव कळली. पान संपलं तसा हातही थांबला, तेव्हा मलाच नवल वाटलं. तांब्यात अजून पाणी होतं, पण संकल्पासाठी ते पुन्हा हातावर घ्यावंसं वाटलं नाही.

त्याच संध्याकाळी सासूबाईंना सांगितलं. त्यांनी मला जवळ बसवून घेतलं. मग म्हणाल्या, "तू जळत होतीस आणि मी मिरवत होते गं." रात्री नवऱ्यालाही सांगितलं. दुसऱ्या दिवशी यांनी रजा काढली आणि आम्ही तिघं डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. तिथल्या डॉक्टरबाईंनी शांतपणे ऐकलं, सांगितलं की हा आजार आहे, अनेक बायकांना असतो, त्यावर उपचार आहेत, आणि उपास केला की तो उलट वाढतो. रोज वेळेवर जेवायचं, एकही जेवण टाळायचं नाही. मी घाबरत विचारलं, "पण नवरात्र?" डॉक्टरांच्या आधी सासूबाईच बोलल्या, "देवीचं मी बघते. तू जेव."

नवरात्रात त्यांनी घट बसवला आणि दोन्ही वेळा माझं पान वाढलं. पहिले दोन दिवस घास उतरत नव्हता, पाप केल्यासारखं वाटायचं. त्या समोर बसून राहायच्या. काकूंनी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "यंदा देवीनेच हिचे उपास सोडवलेत." मला वाटतं, ते खरंच होतं.

ती बाई कोण, मी विचारलं नाही. गावातलीच कोणीतरी असणार, तिच्या घरी तिची वाट बघणारी माणसं असणार. त्याच दुपारी, पाणी हातावर असतानाच ती का आली, याचा मी खल करत नाही. मिळालं त्याला हात जोडते. पूर्वी वाटायचं, देवाला शरण जायचं तर आधी स्वतःला निर्मळ करावं लागतं. आता वाटतं, आहे तसं समोर जाऊन बसावं, बाकीचं देवीवर सोडावं.

मी पूर्ण बरी झालेय असं म्हणणार नाही. मागच्याच आठवड्यात एक दिवस फार वाईट गेला. सासूबाई भजनाहून परत आल्या तेव्हा मी स्वयंपाकघरात जमिनीवर बसले होते. म्हटलं, "आई, आज पुन्हा झालं."

त्यांनी पदराने माझा चेहरा पुसला, हाताला धरून उठवलं आणि म्हणाल्या, "होऊ दे. तोंड धुऊन ये. भाताला वेळ आहे, तोवर माझ्याजवळ बस."

मी त्यांच्याजवळ बसले. भात झाल्यावर आम्ही दोघी जेवलो.