ट्रक की दुधाची गाडी

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस होते. आम्ही लालबागच्या चाळीत राहत होतो. सासूबाई, मी, आमची दोन वर्षांची मुलगी आणि अधूनमधून हे. हे शेठचा ट्रक चालवायचे. शिवडीच्या गोदामातून माल भरायचा, कसाऱ्याचा घाट चढून नाशिकला उतरवायचा, येताना कांदा आणायचा. घरी आले की मुलगी माझ्या पदराआडून त्यांच्याकडे टकामका बघत राही. ओळख पटून ती त्यांच्या मांडीवर जाऊन बसे, तोवर यांची निघायची वेळ झालेली असे. सासूबाई मालवणीत करवादायच्या, "चेडवाक बापूस वळखूक येना नाय, ह्यो कसलो संसार!"

शेठ ठाकूरद्वारला राहायचे. गुजराती, वयस्कर, अबोल माणूस. त्या वर्षी सगळा धंदा आवरून त्यांनी काठेवाडात मुलाकडे जायचं ठरवलं. लोक म्हणाले, चळवळीला घाबरून शेठ पळाला. तसं काही नव्हतं. गुडघे गेले होते बिचाऱ्यांचे, दोन जिने चढायचे तर मध्ये बसावं लागे. त्यांनी यांना बोलावून घेतलं आणि म्हणाले, "गाडी तू घे. पैसा सावकाश दे. बीजा कोणाला दिली तर तो तिला मारून टाकेल."

त्याच आठवड्यात चाळीतल्या एका दोस्ताने दुसरी बातमी आणली. सरकारी दुधाच्या गाडीवर ड्रायव्हरची जागा निघाली होती. पहाटे बाटल्या भरून निघायचं, परळ-दादरच्या केंद्रांवर पोचवायच्या, की दुपारी जेवायला घरी.

मला ट्रक हवा होता. सासूबाईंचाही कौल ट्रकलाच. "आपलो झील मालक झालो तर गावात मान वाडतलो," असं त्या येईल-जाईल त्याला सांगत होत्या. माझं कारण वेगळं होतं. माझे वडील जन्मभर दुसऱ्याच्या होडीवर खलाशी. लहानपणी किनाऱ्यावर कोणी विचारलं, होडी कोणाची गो, की मला परक्या माणसाचं नाव सांगावं लागे. आता कोणी विचारलं असतं तर मी छाती काढून सांगितलं असतं, आमची.

मी बोलत राहायची, हे ऐकत राहायचे. शेवटी मीच चिडून विचारलं, "तुम्हाला नकोय का ट्रक?"

"नको असं नाही."

"मग अडलंय कुठे?"

हे म्हणाले, "तू एक खेप चल माझ्याबरोबर. नाशिकला जाऊन येऊ. मग तू सांगशील ते करू."

त्या काळी बाईमाणसाने ट्रकात बसून जायचं म्हणजे चाळीला महिनाभर पुरेल एवढा विषय. मला वाटलं सासूबाई आडव्या येतील. पण त्या म्हणाल्या, "जा गो, बघून ये. मी चेडवाक सांभाळतंय."

सकाळी शिवडीहून निघालो. क्लीनर मागे मालावर जाऊन बसला. केबिनमध्ये पायाशी इंजिन तापायचं म्हणून यांनी माझ्यासाठी गोणपाटाची घडी घातली होती. खरं सांगायचं तर मला फार मजा आली. एवढ्या उंचावरून जग मी कधी पाहिलं नव्हतं. बैलगाड्या बाजूला सरत होत्या, नाक्यानाक्यावर लोक यांना हात करत होते. घरात चार शब्द बोलताना अडखळणारा माणूस इथे राजासारखा बसला होता. शहापूर येईस्तोवर माझं मन आणखीच पक्कं झालं. ट्रकच घ्यायचा.

घाटाच्या पायथ्याशी एका झापांनी शाकारलेल्या हॉटेलापुढे यांनी गाडी लावली. चहा देणारी म्हातारी माझ्याकडे बघून म्हणाली, "हीच का लालबागवाली?"

मी चकित झाले. हे खाली बघून बशीत चहा ओतायला लागले. म्हातारीच मग सांगू लागली.

मुंबईत गोळीबार झाला त्या दिवसांतली गोष्ट. वरून येणारी सगळी वाहनं या ठिकाणी अडकून पडली होती. हे दिवसभर रस्त्याच्या मधोमध उभे असत. मुंबईकडून एखादी गाडी आलीच की हात आडवा करून विचारत, लालबागची काय खबर? कोणी म्हणे सगळं पेटलंय, कोणी म्हणे शांत आहे. म्हातारी भाकरी पुढे करी, ती तशीच राही. शेवटी एका सकाळी ट्रक क्लीनरच्या हवाली करून हे मुंबईच्या दिशेने चालत निघाले.

"किती सांगितलं, थांब बाबा, रस्ता सुटेल," म्हातारी म्हणाली. "ऐकतोय कुठला."

मला ते दिवस लख्ख आठवत होते. अश्रुधुराने डोळे जळत होते, दाराच्या फटीत ओली फडकी कोंबून मी मुलीला पोटाशी धरून बसले होते. मनात येई, हे आपले बाहेर सुखरूप आहेत, सोसायचं ते मी एकटीने. आणि हे आले ते पाय सुजवून. विचारलं तर म्हणाले, गाडी बिघडली होती. मी पाणी तापवून दिलं आणि विषय तिथेच संपला.

"मला सांगितलं का नाही?" मी विचारलं.

"काय सांगायचं? तू धुरात होतीस. मी मोकळ्या हवेत उभा होतो."

बशी खाली ठेवून हे म्हणाले, "तेव्हा गाडी शेठची होती, म्हणून सोडून येता आलं. शेठ एका शब्दाने बोलले नाहीत. गाडी आपली झाली, तिच्यावर कर्ज बसलं, की मला असं सोडून येता येणार नाही. एवढंच डोक्यात आहे माझ्या. बाकी गाडी मलाही आवडते."

घाट चढताना त्यांचे हात मी पहिल्यांदाच नीट पाहिले. वळणावर दंडाच्या शिरा फुगत होत्या.

येताना, कांद्याच्या वासात बसल्या बसल्या मी म्हटलं, "दुधाची गाडी घ्या."

"आणि तुझा बाप परक्याच्या होडीवर होता, त्याचं काय?"

"ते तरी कुठे घरी असायचे? आई रोज संध्याकाळी किनाऱ्यावर जाऊन उभी राहायची."

आम्ही दोघंही ठाकूरद्वारला गेलो. शेठ आधी हिरमुसले, मग माझ्याकडे बघून हसले. "गाडी तर बीजी मिळते," एवढंच म्हणाले आणि मुलीसाठी खडीसाखरेची पुडी दिली. ट्रक कल्याणच्या एका माणसाने घेतला. तो न्यायला येणार त्या दिवशी हे एकटेच शिवडीला गेले, धुऊनपुसून गाडी त्याच्या ताब्यात दिली. घरी आल्यावर त्यांनी पानावर बसून भात नुसता चिवडला. मीही आग्रह केला नाही.

मग दुधाची गाडी सुरू झाली. हरताळाच्या दिवशी परळच्या नाक्यावर पोरं पिंपं आडवी टाकून रस्ता बंद करायची. गाडी दिसली की कोणीतरी ओरडे, "दूध आहे रे, सोडा!" पिंपं गडगडत बाजूला होत. "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र," अशी आरोळी उठे. हे खिडकीतून मान काढून "झालाच पाहिजे!" म्हणत, मगच पुढे जात. सासूबाईंना हा सगळा प्रकार करून दाखवताना यांच्या अंगात वेगळंच वारं शिरे.

दुपारी हे घरी येत. मुलीची वेणी घालायला शिकले, वाकडीतिकडी. सुरमई मात्र माझ्यापेक्षा चांगली तळायला लागले. कल्याणच्या त्या माणसाने पुढे आणखी ट्रक घेतले, असं कानावर आलं. हळहळ वाटलीच नाही असं मी म्हणणार नाही. लालबागच्या रस्त्यावर माल लादलेला ट्रक गेला की हे बोलता बोलता थांबायचे, आवाज लांब जाईपर्यंत ऐकायचे. मी त्या वेळी मध्ये बोलायची नाही.

महाराष्ट्र झाला त्या वर्षी मुलगी शाळेत जाऊ लागली. पहिल्याच आठवड्यात बाईंनी सगळ्या मुलांना विचारलं, वडील काय करतात? कोणी म्हणालं गिरणीत आहेत, कोणी म्हणालं गोदीत आहेत. आमची उभी राहिली आणि म्हणाली, "माझे बाबा दुपारी घरी येतात."

बाईंनी हे मला शाळेच्या दारात हसत हसत सांगितलं. हे माझ्या शेजारीच उभे होते. ते हसले नाहीत. वाकून त्यांनी मुलीची सुटलेली रिबीन बांधली आणि तिला खांद्यावर घेतलं.