कुकरवरचा भाला

फोन माझ्या मुलीने घेतला. पिट्सबर्गमध्ये ऑक्टोबरात पानं पडायला लागली की आमच्याकडे शनिवारी अंगण साफ करायचं काम असतं. मी दाताळं हातात घेऊन मागच्या दारी उभा होतो. तिने खिडकीतून हाक मारली, "बाबा, समबडी फ्रॉम ओहायो. अबाउट सदाकाका." ओहायो म्हटल्यावरच मला कळलं. तरीही मी दाताळं नीट भिंतीला टेकवलं, बूट काढले, हात धुतले... उशीर करता येईल तेवढा केला. सदा पहाटे हॉस्पिटलातच वारला होता. तो आजारी आहे हे मला उन्हाळ्यापासून माहीत होतं. माझ्या बायकोला, वसुधाला, मी ते सांगितलं नव्हतं.

सदानंद आणि मी एकोणीसशे सत्तरच्या सुमाराला स्टेट कॉलेज नावाच्या गावात एका अपार्टमेंटमध्ये राहायचो. आम्ही चौघं. तिघं इंजिनिअर आणि हा एकटा इतिहासवाला. पुण्याचा मुलगा अमेरिकेत येऊन मेवाडच्या शिसोदियांवर पीएचडी करतो, याची आम्ही भरपूर टिंगल करायचो. "अरे, चितोडला जायचं तर चुकीच्या विमानात बसलास की," असं मीच पहिल्या दिवशी म्हटलं होतं. तो हसायचा आणि खिचडी ढवळत तिथल्या राजांच्या गोष्टी सांगायचा. चौघांची भांडी एकमेकांत मिसळायची, म्हणून आईने दिलेल्या आपल्या कुकरच्या पोटावर त्याने खिळ्याने एक छोटा भाला कोरला होता.

त्या भाल्याची गोष्ट त्याच्या थीसिसमधली. मारवाडहून थोरल्या राजपुत्रासाठी नारळ आला, म्हणजे राजकन्येचं स्थळ आलं. म्हातारा राणा दरबारात थट्टेने म्हणाला, माझ्यासारख्या पांढऱ्या दाढीवाल्याला कोण नारळ पाठवणार? राजपुत्राच्या कानावर ते गेलं. वडील जिच्याबद्दल थट्टेतही असं बोलले तिच्याशी मी लग्न करणार नाही, म्हणून तो अडून बसला. नारळ परत पाठवला तर मारवाडचा अपमान. शेवटी राण्यानेच लग्न केलं, तिला होणाऱ्या मुलाला गादी द्यायची या अटीवर. थोरल्याने ती अट मान्य केली, आणि गादी सोडली. त्या बदल्यात मेवाडच्या दानपत्रांवर राण्याच्या सहीबरोबर थोरल्याच्या घराण्याचा भाला उमटायला लागला. सदाला हा भाग फार आवडायचा. "राज्य दुसऱ्याचं, पण भाल्याशिवाय कागद खरा नाही, यार," तो म्हणायचा.

पुढच्या वर्षी सदाच्या आईने एका मुलीचा फोटो पाठवला. तो टेबलावर होता, मी उचलून पाहिला. मी चौघांत वयाने मोठा आणि केसांनी कमी. म्हटलं, "आमच्यासारख्या टकल्याला असले फोटो कोण पाठवणार?" सगळे हसले. सदाही हसला, पण जरा उशिरा. आठवड्याभराने बस स्टॉपवर बर्फात उभे असताना तो म्हणाला, "आईला 'नाही' म्हणून कळवलंय. डिसेंबरात तू चाललायस ना, तू बघून ये." मी नाही म्हटलं नाही. का, असंही विचारलं नाही. डिसेंबरात मी पुण्याला गेलो, आणि वसुधाला घेऊन आलो.

आम्ही पिट्सबर्गला घर मांडलं तेव्हा सदाने आपला कुकर आणून दिला. म्हणाला, "घ्या राणाजी. घर तुमचं, सही तुमची, भाला आमचा." मी हसलो. पण तेव्हापासून मला काही गोड लागलं नाही, हे आज लिहून टाकतो. तो 'राणाजी' म्हणायचा तेव्हा मला भीक घातल्यासारखं वाटायचं. तो ओहायोतल्या कॉलेजात शिकवायला लागला, लग्न केलं नाही. त्याचाही मी माझ्याशी हिशोब जोडायचो. त्याने मला दिलं, की त्याला नकोच होतं? दोन्ही विचार सारखेच टोचायचे.

ऐंशी साली थँक्सगिव्हिंगला तो आला होता. स्वयंपाकघरातून वसुधाचं हसणं ऐकू येत होतं, माझ्याशी ती तसं हसत नाही असं मला वाटलं. दुसऱ्या दिवशी दोघं मुलीला घेऊन पार्कात गेली, तेव्हा मी तारेच्या घासणीने भाला घासत बसलो. घासावं तसा तो जास्तच चमकायला लागला. मग कुकर गॅरेजमध्ये टाकला आणि दुकानातून नवा आणला. वसुधाला सांगितलं, जुन्याची रिंग गेली.

बसला सोडायला गेलो तेव्हा सदाने गाडीत विचारलं, "कुकर बदललास?"

"शिटी होत नव्हती."

"हं," तो म्हणाला. मग, "पुढची गोष्ट सांगितली होती का तुला? म्हातारा राणा गेल्यावर थोरलाच खरं राज्य करतो असा राजमातेला, म्हणजे त्या मारवाडच्या मुलीला, संशय आला. तो चितोड सोडून गेला. पुढे संकट आलं तेव्हा तिनेच बोलावलं, आणि तो आला. राणाजी, बोलावलंस की येईन."

मी बोलावलं नाही. या उन्हाळ्यात त्याने फोनवर आजाराचं सांगितलं, आणि शेवटी विचारलं, "वहिनी कशा आहेत?" मी म्हटलं, बिझी आहे... वसुधा शेजारच्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होती.

अंत्यसंस्काराहून परतताना गाडीत मी तिला सगळं सांगितलं. फोटो, थट्टा, घासणी, उन्हाळ्यातला फोन. ती म्हणाली, "फोटोचं मला माहीत होतं. भावोजींनीच सांगितलं होतं, हसत हसत. पण अहो, तुमच्या त्या गोष्टीत त्या मुलीला कुणी काही विचारलं होतं का?"

मी म्हटलं, "विचारलं असतं तर?" तो माणूस जाऊन तीन दिवस झाले नव्हते आणि मला अजून तेच हवं होतं, ती कुणाला हो म्हणाली असती.

"तो फोन आला तेव्हा, जून महिन्यात, मला त्यांच्या दारात नेऊन, त्यांच्यासमोर विचारायचं होतंत. तेव्हा सांगितलं असतं."

दुसऱ्या दिवशी तिने गॅरेजमधून जुना कुकर शोधून काढला. रिंग शाबूत होती, ती तिने मला दाखवलीही नाही, झाकणात बसवली आणि भात लावला. आता रोज त्याच्यातच होतो. शिटी झाली की आच कमी करायला मी उठतो, आणि उठलो की कुकर जरासा फिरवून भाला भिंतीकडे करून ठेवतो. थोड्या वेळाने ती येते आणि तो परत आमच्याकडे फिरवते.