फाटकं तसंच आणावं

रफूवालीच्या दुकानात एकच पाटी होती: ‘फाटकं तसंच आणावं. घरी टाके घालू नयेत.’ तरी लोक ऐकत नसत. कोट फाटला की घाबरून घरीच जाड दोऱ्याने चार टाके ओढत आणि मग तिच्याकडे येत. बाई चष्मा नाकाच्या टोकावर आणून अशी हजेरी घेई, की गिऱ्हाईक कोटापेक्षा जास्त उसवून जाई. आता आधी ते टाके काढायचे, मूळ भोक केवढं होतं ते बघायचं, मग त्याच कोटाच्या आतल्या शिवणीतले धागे काढून ते विणून भरायचं. तिच्या हातून गेलेलं कापड आपण कधी फाटलो होतो हेच विसरून जाई.

अशा बाईने पोटच्या पोराच्या बाबतीत मात्र वर्षानुवर्षं घरीच टाके घातले.

पोराला सगळे भोवरा म्हणत. आठ वर्षांचा, डोळे असे टपोरे की नवखा माणूस कौतुकाने गालाला हात लावायला जाई आणि बिनसलेलं असलं तर तोच हात चोळत परत येई. बिनसलं की खुर्च्या उडत, भिंतीवर डोकं आपटे. बाई फाटक्या उशा, पडदे, गणवेश पुन्हा पहिल्यासारखे करून ठेवी आणि स्वतः भर उन्हाळ्यात मनगटापर्यंत बाह्या घालून हिंडे. सल्ल्यांना तोटा नव्हता. एक शेजारीण म्हणे मारा, दुसरी म्हणे मारू नका, तिसरी म्हणे साखर बंद करा. नवरा बस चालवायचा. त्याचं पालुपद ठरलेलं, की मीही लहानपणी असाच होतो.

“म्हणजे आशाच सोडायची म्हणा की,” बाई म्हणे.

ही थट्टा गेल्या आठवड्यात संपली. भोवऱ्याने धाकट्या बहिणीला जिन्यावरून ढकललं. नेमकी नणंद वर येत होती, तिच्या पोटावर पोर आदळली म्हणून वाचली. ज्या पोटावरून नणंदेने जन्मभर टोमणे खाल्ले, ते त्या दिवशी सार्थकी लागलं. पोरीला छातीशी धरून ती एवढंच म्हणाली, “वहिनी, मी रोज जिन्यात उभी नसते.”

मुलांच्या मनाच्या डॉक्टरीणबाईंकडे नंबरही तिनेच लावला. निघताना नवऱ्याने बायकोला हळूच बजावलं, की जिन्याचं काही काढू नकोस, पोराच्या कपाळावर शिक्का बसेल.

आणि दवाखान्यात भोवरा साक्षात देवमाणूस! ठोकळ्यांचा पूल रचत बसला, पेन खाली पडलं तर उचलून दिलं. डॉक्टर विचारत होत्या आणि बाई बारीक टाके घालत होती. चिडतो, पण कधीतरी. हट्टी आहे जरा. चावायचा, पण लहान होता तेव्हा. बोलताबोलता तिने बाही आणखी खाली ओढली. डॉक्टरांनी पेन बंद केलं. वाढीचं वय आहे, तीन महिन्यांनी पुन्हा दाखवा, म्हणाल्या.

बाईला हायसं वाटलं, पण क्षणभरच. घरी जिना होताच. धाकटीही होतीच.

“चला, ठोकळे डब्यात भरूया,” डॉक्टर म्हणाल्या आणि पुलाला हात लावला.

भोवऱ्याचा खालचा ओठ आत गेला. ते पाहताच बाईने चष्मा काढून नवऱ्याच्या खिशात टाकला. नवऱ्याने टेबलावरचा काचेचा पेला उचलून वर कपाटावर ठेवला आणि दाराला पाठ लावून उभा राहिला. डॉक्टर बघतच राहिल्या. पुढच्या क्षणी डबा खिडकीवर आदळला आणि पडदा टर्रकन फाटला. बाईने पोराला मागून मिठी मारली, हनुवटी त्याच्या डोक्यापासून लांब ठेवली. दात बाहीतून आत रुतले. “आहे मी, आहे मी,” ती एकाच सुरात म्हणत राहिली. बऱ्याच वेळाने तो तिच्या अंगावर ढिला पडला.

बाईने चष्मा मागून घेतला आणि कॉलरला टोचलेली सुई काढली. “पडदा आत्ता करून देते. कळणारसुद्धा नाही.”

“राहू द्या,” डॉक्टर म्हणाल्या. “मघापासून सगळं दुरुस्त करूनच दाखवताय मला. कुठे आणि किती फाटलंय, ते कसं कळणार?”

सुई हवेतच थांबली. हेच बाईने आजवर किती कोटवाल्यांना सुनावलं होतं! तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो छताकडे असा बघत होता, जणू तिथे सिग्नल आहे. मग तिने बटण काढलं आणि बाही कोपरापर्यंत वर सारली. जुन्या वणांवर नवे वण होते.

“बहिणीला जिन्यावरून ढकललं त्याने. मला माझ्याच लेकराची भीती वाटते, डॉक्टर.”

सिग्नल हिरवा झाला असावा. “माझ्या पाठीवरही आहेत, याच्याच दातांचे,” नवरा पुटपुटला. बाईने चमकून पाहिलं. हे तिलाही माहीत नव्हतं.

डॉक्टरांचं पेन पुन्हा उघडलं. दर आठवड्याला दोघांनीही यायचं, जिन्याला फाटक बसवायचं, तोवर धाकटीला आत्याकडे ठेवायचं असं ठरलं. बरा होईल असं आज सांगत नाही, पण सुरुवात करू, म्हणाल्या.

निघताना भोवरा खिडकीपाशी अडला. “आई, पडदा?”

“आज नाही.”

फाटलेलं फाटलेलंच राहतं हे त्याने पहिल्यांदा पाहिलं. तो बराच वेळ त्या भोकातून बाहेर बघत राहिला. मग तिघं दवाखान्याच्या जिन्याशी आले. बाईने त्याचं मनगट घट्ट धरलं. नवरा दोन पायऱ्या पुढे, त्यांच्याकडे तोंड करून, नणंदेसारखं पोट काढून उलटा उतरू लागला.