शेंडी राखणारा

कंधारला आमच्या आळीत झाडे तोडणारा एक गृहस्थ नित्य भेटतो. त्याच्या खांद्यावर कुऱ्हाड असते आणि मुखी थट्टा. घाव घालण्यापूर्वी तो खोडाला हात जोडतो. पाणी साचू नये म्हणून छेद तिरपा घेतो, वर शेणमातीचा लेप देतो आणि बुंध्याशी एक कोवळी डहाळी मुद्दाम राखतो.

गतवर्षी मंदिराच्या भिंतीवर कललेला आमचा कडुनिंब त्याने उतरवला. वडिलांनी लावलेला तो वृक्ष गेला असे मानून माझे डोळे भरून आले.

"कशाला रडून राहिलाव म्हाराज? मुंज केली म्या त्याची. शेंडी ठिवलीय, दिसंना का?"

पावसाळ्यात बुंध्याला खरोखरच धुमारे फुटले. पाडव्याच्या प्रातःकाळी गुढीसाठी मी त्यांतलीच डहाळी मोडू लागलो, तोच मागून कोणी माझा हात धरला.

"औंदा न्हाई म्हाराज! लेकरू हाय ते अजून. ही घ्या, माझ्या बांधावरची."

मी हात मागे घेतला. ज्याच्या कुऱ्हाडीने मला रडवले होते, त्यानेच आणलेली डहाळी त्या दिवशी आमच्या गुढीला बांधली गेली.