धाकलीबायचं फाटक

करंजपाड्याला आग मी लावली. हे इतक्या लोकांसमोर कबूल करून झालंय की आता लाजही वाटत नाही. तलासरीच्या बाजूला हायवेलगत गोदामं आणि चाळी वाढल्या, म्हणून पोलीस ठाणं आणि अग्निशमन केंद्र एकाच आवारात बांधायचं ठरलं. मी नकाशे काढणारा माणूस, करंजपाड्यालगतच्या त्या जागेचं माप घ्यायला गेलो. गवत कमरेएवढं, टेप सरळ धरता येईना. पाड्यावरच्या बायका पेरणीआधी शेतात पालापाचोळ्याचा राब जाळतात ते मी पाहिलं होतं. पण त्या वारा पडलेला असताना, पहाटे, कडेची माती मोकळी करून जाळतात, हे पाहिलं नव्हतं. पहाटे मी डहाणूला घोरत असतो. मी भर दुपारी काडी ओढली. वाऱ्याने जाळ उचलला आणि नेऊन ठेवला तो थेट धाकलीबायच्या पेंढ्याच्या उडवीवर.

बंब पावणेदोन तासांनी आला. तोवर बायकांनी ओल्या डहाळ्यांनी झोडून आग विझवली होती. धाकलीबाय म्हणजे साठीची, काटकुळी, भात-नागलीची शेती एकटीने ओढणारी बाई. कलेक्टर असो की कंडक्टर, सगळ्यांना ती 'तू'च म्हणते. भुवया जळालेल्या तोंडाने ती बंबवाल्याला म्हणाली, "आलास? बस. राख गार झाली, हात लावून बघ."

मला वाटलं, दोन दिवसांत राग उतरेल. तो उतरला नाही, ग्रामसभेत येऊन बसला. मी नकाशा पसरला. तिला अक्षर येत नाही, पण बांध कुठे आणि वाट कुठे हे कागदावरही कळतं.

"बंब कुठून निघंल?"

"हे काय, फाटक. दोघांना मिळून एकच."

"आणि फाटकाजवळ हे चौकोन?"

"जप्त केलेल्या गाड्या ठेवायची जागा."

"मापवाल्या, जुनी चौकी बघितलीस कधी?"

जुन्या चौकीचं आवार सगळ्यांनी बघितलेलं. दारूच्या खेपेत धरलेले टेम्पो, चाकं नसलेले ट्रक, एका रिक्षावर तर कारल्याचा वेल चढलेला. शेजारी बसलेले फौजदार समजुतीने म्हणाले, "मुद्देमाल असतो तो, बाई. कोर्टाच्या हुकमाशिवाय हलवता येत नाही."

"आग कोर्टाला विचारून लागते काय?"

"एका बाजूला लावू आम्ही गाड्या. राहील वाट."

धाकलीबाय उठून गेली. मला वाटलं, मिटलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही जुन्या चौकीत कागदपत्रं बघत बसलो होतो, तर मागच्या पडक्या भिंतीतून बैलगाडी आत आली. धाकलीबायने कासरा फौजदारांच्या हातात दिला. "हा बंब. काढ पुढच्या फाटकातून. पाडा पेटलाय."

फौजदार हसले. शेतकऱ्याचंच पोर, हौसेने गाडीवर चढले. दहा पावलांवर चाक रिक्षा आणि टेम्पोच्या मध्ये अडकलं. दोन शिपाई ढकलायला लागले, मी बैलांसमोर उभा राहून सूचना द्यायला लागलो. बैलांनी त्या ऐकल्या नाहीत.

धाकलीबाय पायरीवर बसली होती.

"बारकीचं घर गेलं," ती म्हणाली.

आम्ही हसलो. चाक निघालं, जू ट्रकला अडकलं.

"सुकीचं गेलं. म्हातारी आत होती."

आता कोणी हसलं नाही. फौजदारांची बाही फाटली. बैल जागचे हलेनात.

"अंगणवाडी पेटली. पोरं झोपलेली हायत."

फौजदार गाडीवरून उतरले. त्यांनी घाम पुसला, मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "बंबाला फाटक वेगळं काढा. पाड्याच्या रस्त्यावर. आत्ता काढा."

एका टेम्पोच्या बॉनेटवर कागद ठेवून मी ते काढलं, लाल पेन्सिलीने, ठळक. फौजदारांनी खाली सही केली. कागद घेऊन मी पायरीशी गेलो, तिला फाटक दाखवलं, बंब कसा वळेल तेही बोटाने दाखवलं.

"आता तरी राग गेला ना, धाकलीबाय?"

"बांधून झालं की विचार."